अर्थ लागत न्हाई

डावा इंडिकेटर दिला की वायपर एकदा हलतो.
ब्रेक दाबला की मीटरच्या काचेत
पिवळट, झोपाळू उजेड.
हॉर्न वाजतो, पण फक्त उजवीकडे वळताना.
कावळा नाक्यावर हे चालून जातं,
शाहूपुरीच्या गल्लीत नाही.

आणि रोज सकाळी बॅटरी मेलेली.
पार्किंगला जागा नव्हे, उतार शोधायची
सवय लागली होती मला.

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडमधल्या बोळात
हारुण शिकलगारचं दुकान. दुकान म्हणजे
एक पत्रा, एक स्टूल, आणि खिळ्यांवर
कासऱ्यासारख्या गुंडाळलेल्या वायरी.
बॉनेट उघडून त्यानं आधी काहीच केलं नाही.
चहा मागवला. मग म्हणाला,
"लक्षणं सांगू नगा. लक्षणं खोटं बोलत्यात.
बॅटरीपास्नं चालू करू."

हत्यार म्हणजे एक जुना बल्ब, दोन वायरी,
एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला पोती शिवायचा दाभण.
निगेटिव्ह काढून मध्ये तो बल्ब धरला.
चावी माझ्या मुठीत. गाडी बंद.
बल्ब लागला, मंद.
"बघा," हारुण म्हणाला, "झोपंत खातीया."

मग एकेक फ्यूज उपटत गेला.
हेडलाइटचा. बल्ब तसाच.
पार्किंगचा. तसाच.
तिसऱ्या खाचेत फ्यूजच नव्हता,
सिगारेटच्या पाकिटातली चांदी वळून बसवलेली.
ती त्यानं दोन बोटांत धरून उन्हात बघितली
आणि कुणालाच शिवी दिली नाही.
"अडचणीत आसंल. रात आसंल."

डॅशबोर्डच्या आत टेपचे थर,
काळ्यावर लाल, लालवर परत काळा.
कॅसेट प्लेअरची वायर, कॅसेट प्लेअर नाही.
पंख्याची वायर, पंखा नाही.
मी विचारलं, वायपरचं काय?
दाभण बॉडीला टेकवत तो म्हणाला,
"अर्थ लागत न्हाई."

फळ्यापाशी उभं करून बाईंनी विचारलेल्या
सगळ्या ओळी आठवल्या मला.

"करंट जातूय बरोबर. परतायला वाट न्हाई त्येला.
म्हणून शेजाऱ्याच्या घरातनं परततूय.
वायपर हलतूय ते तुमच्या इंडिकेटरचं पाऊल."

जिथं विणलेली पट्टी चॅसीला आवळलेली असते
तिथं गंज, गंजावर ग्रीस,
ग्रीसवर फौंड्रीची बारीक वाळू.
पॉलिश पेपरनं घासून घासून पत्रा पांढरा केला,
बोल्ट आवळला.
वायपर गप्प.

उरलं ते झोपेतलं खाणं.
बल्ब विझला तो एक निळी वायर ओढल्यावर.
ती कुठल्याच फ्यूजमधून जात नव्हती,
बॅटरीवरून थेट, सीटखाली, पत्र्याच्या भोकातून.
भोकाचं रबर कधीच गळून गेलेलं,
ओलसर कड वायरीला
पुरती टेकत नव्हती, सोडतही नव्हती.
टोकाला एक होल्डर. रिकामा.

हेरल्याला फोन लावला, आण्णाप्पा मगदूम,
माझ्या आधीचे मालक, दुधाचे कॅन वाहायचे.
निळी वायर? पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही.
मग हसले. "आगं, डबा खायाला लावलावता की बल्ब.
गेटवर नंबर लागायला रातीचं दोन वाजायचं.
अंधारात भाकरीवरच्या मुंग्या दिसायच्या न्हाईत."

हारुणनं कटर उचललेला. थांबला.
"काय करू? ठिवू?"
मी रात्रीची गाडी चालवत नाही.
लाकडी पॅटर्न पोचवते शिरोलीला, पाचच्या आत घरी.
तरी म्हटलं, असू दे.
त्यानं नवीन रबर बसवलं, पाच अँपियरचा फ्यूज घातला,
होल्डरात बल्ब.
चांदी मात्र स्वतःच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सपाट जमिनीवर
पहिल्या चावीला लागली.
डावा इंडिकेटर अजून जरा घाईत असतो,
मागचा बल्ब कमी वॅटचा आहे म्हणे.
हॉर्नचं राहूनच गेलं.
उजवीकडे वळताना
मी वाजवून घेते.